जिवंत आवाज

शहादा, रविवार संध्याकाळ

दिलीपने सुरतेहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आज मी हाताने बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरशेजारी मांडला आणि त्याचा आवाज गुपचूप जरासा जास्त ठेवला. जास्त आवाज कानाला गोड लागतोच! सगळी मित्रमंडळी डोलली. "काय जिवंत आवाज शे!" जिवंत म्हणे. मी म्हटलं, मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा करू, मग बोला. दिलीप म्हणाला, "तू गानं आयकस का मीटर?" सगळे हसले.

दिलीपचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडेच ठेवून ते गेल्यावर मीच मीटर लावून दोन्ही सारखे केले. स्वयंपाकघरातून हिला बोलावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. गाणं दोनदा लावतो, आधी माझ्यावर. मध्ये बटण दाबून दिलीपचा चालू कर, म्हटलं. दुसऱ्यांदा वाजलं. खरंच जास्त जिवंत. "हरलो," मी म्हटलं.

ही म्हणाली, "मन्हा हात पिठना व्हतात, बटन दाबंच नही मी. दोन्ही येळे तुमनाच वाजना."

मित्रांना फसवायला दिलीपला आवाज तरी वाढवावा लागला. मला तेवढंही लागलं नाही.