माझ्या गळ्यातल्या आत्याबाई

वॅरिंगल, क्वीन्सलंड
गुरुवार, शेवटची खुर्ची रचून झाल्यावर

तीर्थरूप तेलेसियाआत्या यांच्या पायाशी कलाफीचा वाकून नमस्कार. (पुरतं वाकता येत नाही, पाठ धरली आहे. पण मनानं नाक जमिनीला टेकलेलं आहे असं समजावं.) देवाच्या कृपेनं पाठ सोडून बाकी सगळा मी ठीक आहे. आपला गुडघा कसा आहे? पाद्रीबुवांचा खोकला प्रवचन आवरतं घेण्याइतका वाढला का, की अजून आशा नाही? काळी डुकरीण व्याली का? आणि शाळा काय म्हणते? आईनं कळवलं की निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी आपण रोज पावणेआठला शाळेच्या फाटकाशी उभ्या असता, आणि उशीर झाला की नवे हेडमास्तर मागच्या कुंपणावरून आत उडी मारतात. परवा त्यांचं नेसूचं तारेवर राहिलं आणि हेडमास्तर तेवढे आत गेले म्हणे. आत्या, तो माणूस बेचाळीस वर्षांचा आहे. दुसरीत असताना तुम्ही त्याला मारलंत तेवढं पुष्कळ झालं.

आपलं पत्र मिळालं. ते मी उभ्यानं वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. तुम्ही लिहिता की आपला कलाफी विद्यापीठात आहे हे तुम्ही चर्चमध्ये उभं राहून सांगितलंत, बायकांच्या गायनमंडळानं माझ्यासाठी तीन स्तोत्रं म्हटली, डुकरिणीचं पहिलं पिल्लू (म्हणजे ती व्यायली तर) माझ्या नावानं राखून ठेवलंय, आणि सत्तावीस नोव्हेंबरला माझ्या पदवीदानाला तुम्ही स्वतः येणार आहात. हातात आजीनं विणलेली, मानाच्या प्रसंगी कमरेला गुंडाळायची चटई घेऊन. तीच ना, जी राजेसाहेब बेटावर आले तेव्हा पेटीतून बाहेर काढली होती आणि जिला हात लावला म्हणून मला दोन दिवस जेवताना उभं केलं होतंत? ती म्हणे तुम्ही भर सभेत माझ्या कमरेला गुंडाळणार. आत्या, इथेच मी बसलो. त्या चटईबद्दल मला थोडं सांगायचं आहे. पण आधी खुर्च्यांबद्दल सांगतो, म्हणजे तोवर मला धीर येईल.

मी विद्यापीठात आहे असं लिहिलं होतं ते अक्षरशः खरं आहे. रोज सकाळी सहाला मी तिथे असतो. फाटक मीच उघडतो, कुलगुरूसुद्धा माझ्यानंतर येतात. तिथे काय करतोस ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि विचारल्याशिवाय मोठ्यांपुढे तोंड उघडू नये हे तुम्हीच छडीनं शिकवलंत. तर, मी खुर्च्या मांडतो, आत्या. मांडतो, पुसतो, रचतो, आणि परत मांडतो. भोपळ्यांच्या शेतातून मी मोसंब्यांकडे गेलो, मोसंब्यांकडून कोंबड्यांकडे, आणि कोंबड्यांना कंटाळल्यावर एका ठेकेदारानं मला इथे आणून सोडलं. माझा पाय कुठे ठरत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. (आठवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आपल्या घरात अजून एकमत नाही.) पण इथे दीड वर्ष टिकलो, आणि ते का टिकलो तेच सांगायचं आहे.

दर गुरुवारी बॉयलरच्या शेजारच्या चौदा नंबरच्या खोलीत आजन्म विद्यार्थी मंडळ भरतं. नोकरीतून सुटलेली म्हातारी माणसं. परीक्षा नाही, छडी नाही, गैरहजर राहिलं तर ‘मेला की काय’ म्हणून फोन करतात, तेवढीच शिक्षा. प्राथमिक इटालियनचा वर्ग गेली अकरा वर्षं प्राथमिकच आहे. इथे कोणाला नापास करत नाहीत, मरेपर्यंत त्याच वर्गात ठेवतात. आत्मचरित्र लिहायच्या वर्गात एक आजोबा तीन वर्षांत स्वतःच्या बारशापर्यंत पोहोचले आहेत. ताऱ्यांचा वर्ग भरदुपारी भरतो, कारण संध्याकाळी गाडी चालवताना कोणाला दिसत नाही. मी खुर्च्या मांडून दाराशी उभा राहायचो, आणि चहाचा बंब उकळेपर्यंत ऐकायचो. मला वाटलं होतं शिकणं म्हणजे मार चुकवणं. ही माणसं केक खात खात शिकतात आणि वर मास्तरांना म्हणतात, “हे तू मागच्या गुरुवारीही चुकीचंच सांगितलंस.”

मंडळाच्या अध्यक्षीणबाई डोरीन. वय ऐंशी, चाळीस वर्षं इस्पितळात मुख्य परिचारिका. नुसतं बघितलं की समोरच्याचा ताप उतरतो. आणि दुसरा क्लॅरी. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली, आता हात थरथरतात म्हणून जिभेनं कातरतो. तर फेब्रुवारीत वार्षिक सभा झाली. सचिवाची जागा रिकामी होती (आधीच्या बाई मुलीकडे समुद्रकाठी राहायला गेल्या, क्लॅरी म्हणतो पळाल्या). डोरीननं विचारलं, “सचिव कोण होतंय?” सतरा जणांनी आपापल्या बुटांचा अभ्यास सुरू केला. एक आजी भिंतीवरचा, आग लागली तर कुठून पळायचं तो नकाशा बघत होत्या. डोरीननं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मी मागच्या खुर्चीवर जरा टेकलो होतो. आता तुम्हीच सांगा, मोठी माणसं एखादं काम तीनदा म्हणतायत, कोणी उठत नाही, आणि आपल्यात सगळ्यांत लहान जो तो बसून आहे, तर आपल्या बेटावर संध्याकाळपर्यंत त्याच्या आईच्या दारात किती बायका गोळा होतात? मला विचार करावा लागला नाही. माझे पाय आपले आपण उठले. मला वाटलं काहीतरी उचलायचं असेल.

“एकमतानं!” क्लॅरी ओरडला. “बसायच्या आत टाळ्या वाजवा रे, टाळ्या!”

चार सेकंदांत मी सचिव झालो. मी डोरीनला कानात सांगितलं की बाई, मी खुर्च्यांचा माणूस आहे. ती म्हणाली, “बाळ, इथे सगळे चुकूनच निवडून येतात. मी बंबाची तोटी गळतेय हे सांगायला हात वर केला होता. चौदा वर्षं झाली.”

पण सचिव व्हायला आधी सभासद पाहिजे, आणि सभासद व्हायला वय पंचावन्न पाहिजे. कार्यालयातल्या यंत्रात माझी जन्मतारीख घातली की ते लाल होऊन किंचाळायचं. क्लॅरी बाजूला उभा. म्हणाला, “घरात म्हातारं कोणी नाही का रे तुझ्या? त्याची घाल.” आता, आत्या, रागावू नका, पण मला जगात एकच जन्मतारीख पाठ आहे. त्या दिवशी दरवर्षी सगळ्या शाळेला पटांगण झाडावं लागायचं. हात आपोआप ती लिहून गेला, आणि तारखेच्या मागून नाव गेलं, आणि नावाच्या मागून फोटो गेला. (माझ्या बायबलात आहे तो, छडी घेतलेला. कार्यालयातल्या मुलीनं छडी कापून टाकली, बाकी तुम्ही तशाच आहात.) त्या मुलीनं फोटोतल्या मिशीकडे... चुकलो, मिशी नाही, सावली आहे. तर थोडक्यात, गेले नऊ महिने सभासदाचं कार्ड होऊन तुम्ही माझ्या गळ्यात आहात, आणि अख्खं मंडळ मला तेलेसिया म्हणतं. “तेलेसिया, लेका, चहात साखर कुठाय?” हे मी दर गुरुवारी ऐकतो आणि दर वेळी दचकून ताठ उभा राहतो.

सचिवाचं काम म्हणजे इतिवृत्त लिहायचं, सभेत कोण काय बोललं ते. आमचे पाद्रीबुवा चर्चच्या सभेचं लिहितात तेवढंच मी ऐकलेलं, म्हणून तसंच लिहिलं. सर्वप्रथम परमेश्वराचे आभार, मग राजाचे (इथला राजा दुसऱ्याच देशात राहतो, पण आभार मानायला काय जातं), मग डोरीनबाईंचे, बंबाचे आणि केक आणणाऱ्या बाईंचे आभार, केक कोरडा होता. त्यानंतर घडलं ते. ‘श्री. क्लॅरी दहा वीसला झोपले, दहा पन्नासला उठले व आपला ठरावाला विरोध आहे असे म्हणाले. कोणत्या, ते त्यांनी सांगितले नाही.’ पुढच्या गुरुवारी डोरीननं हे मोठ्यानं वाचलं. मला वाटलं खुर्च्याही गेल्या आणि नोकरीही. मग डोरीननं कवळी काढून हातात घेतली आणि हसायला लागली. (कवळी तोंडात ठेवून ती हसू शकत नाही, एकदा बंबात पडली होती.) तेव्हापासून क्लॅरी मुद्दाम पहिल्या रांगेत झोपतो आणि विचारतो, “घोरलेलं लिहिलंस ना?” शब्द कसा लिहायचा हे अडलं की मी त्यालाच विचारतो. त्याची शाळा माझ्याइतकीच, त्यामुळे आम्ही एक शब्द तीन प्रकारे लिहितो आणि मंडळ हात वर करून मत देतं. केकवालीनं त्या लेखाचा निषेध म्हणून इतके मऊ केक करायला घेतले की शेजारच्या गावाहून लोक यायला लागले. सतराचे चौसष्ट झाले. आणि चौसष्ट खुर्च्या कोण मांडतो? कळलं ना पाठ कशानं धरली.

इथवर बरं होतं. पण इतिवृत्ताची एक प्रत वर विद्यापीठात जाते, आणि वर ती कोणीतरी वाचली. गेल्या पंधरवड्यात पत्र आलं. इतकं खरं बोलणारा कागद या इमारतीत पूर्वी आलेला नाही, म्हणून सचिव श्रीमती तेलेसिया यांना मोठ्या सभागृहात, झगा आणि टोपी घालून, स्वतः कुलगुरू मानपत्र देणार. तारीख सत्तावीस नोव्हेंबर. (त्या दिवशी झगा-टोपीचा समारंभ आहे एवढंच मी आईला फोनवर सांगितलं होतं, पदवी तुम्ही घातलीत.) त्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडायला माझा ठेकेदारही येणार. तो मला मंचावर बघेल तर शनिवारी मी पुन्हा कोंबड्यांत.

मंडळाची तातडीची बैठक झाली. क्लॅरी म्हणाला, “झगा लांब असतो, टोपी मोठी असते. मान खाली घाल नि जा. कोणाला कळतंय?”

“आणि मिशी?” डोरीननं विचारलं.

“माझ्या आत्याला होती.”

“तुझ्या आत्याला कुलगुरूंनी हात नव्हता दिला, क्लॅरी.”

तर असं आहे. म्हणून हात जोडून विनंती की आपण येऊ नये. इथे थंडी आहे. विमानात गुडघा मोडून बसवतात. चटईला कस्टमवाले फवारा मारतात. पदवी नाही, मी नुसता खुर्च्यांचा गडी आहे, आणि चर्चमध्ये म्हटलेली तीन स्तोत्रं परत घेता येतात का ते पाद्रीबुवांना विचारून ठेवावं. जी शिक्षा द्याल ती सोसायला आपला पुतण्या तयार आहे, फक्त पाठीवर देऊ नये. आईला, डुकरिणीला आणि तारेवरच्या हेडमास्तरांना नमस्कार सांगावा.

आपला नालायक, पण खोटं न लिहिलेला,
कलाफी

ता. क. वरचं सगळं फाडून टाका. या. थंडी नोव्हेंबरात नसते, ते मी घाबरून लिहिलं.

ता. क. दुसरा. चटई आणाच. पण ती माझ्या कमरेची नाही. मी नऊ वर्षांचा असताना बिस्किटं चोरायला तुमचा पत्र्याचा डबा उघडला होता (तो मार आठवतोय, पण डबा का उघडला ते तुम्ही विचारलंत, आत काय वाचलं ते नाही). तळाशी फिजीहून आलेलं विद्यापीठाच्या प्रवेशाचं पत्र होतं, तुमच्या नावाचं, तुम्ही एकोणीस वर्षांच्या असतानाचं. तुम्ही गेला नाहीत, कारण आजी आजारी होती आणि माझ्या बापाला शिकवायचं होतं. बाप काय शिकला ते मी आहेच समोर. तर आता यंत्रात, कार्डावर आणि मानपत्रावर नाव तुमचं आहे. हात द्यायला कुलगुरू उभे राहतील तेव्हा पुढे जाणारं माणूस खरं असलं म्हणजे झालं. डोरीननं ही योजना मंजूर केली आहे. क्लॅरीनं झोपेत विरोध केला, इतिवृत्तात नोंद आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. डोरीन या वर्षी अध्यक्षपद सोडते आहे. मानपत्र झालं की चौदा नंबरच्या खोलीत लगेच सभा आहे. ती विचारेल, “अध्यक्ष कोण होतंय?” चौसष्ट जण बुटांकडे बघतील. तुमची खुर्ची मी पहिल्या रांगेत मांडून ठेवतो, आत्या, पण तुम्हाला मी ओळखतो, तुम्ही फार वेळ बसायच्या नाहीत, म्हणून तिच्यावर उशी घालत नाही.