निबंधातले बाबा

पुणे, १ जुलै २०१८

चि. खुशबूस जयभीम आणि लांबूनच एक टपली,

कॉलेजच्या अर्जासोबतचा निबंध कधीपासून लिहायला घ्यावा, असं तू विचारलंस. तू आता कुठं नववीत आहेस. दहावी झाली की सुट्टीत एक वही कर, अकरावीभर घडेल ते त्यात लिही, निबंध त्यानंतर. तोवर फोन न करता मला पत्रं लिही, हात वळेल. अर्जात विचारतात की तुम्ही कोणत्या अडचणीवर मात केली. हे बाबांना सांगू नको, ते मनावर घेतील.

आईबाबांना जयभीम. लवकर लिही, इथं मला चिडवायला कुणी नाही.

तुझा दादा सुगत

एकोडी, १९ जुलै

ति. दादास जयभीम,

बाबाले मी नाही सांगतलं, त्यायनं पत्रच वाचलं. घरी नळ, पंखा, समोर शाळा, अन् बाप वाचनालयात ग्रंथपाल. पोरीच्या निबंधात येईल काय, म्हणून ते दोन दिवस नीट जेवले नाही. मंग शिकवणीले जायची सायकल लपवली. मी पायी निघाली, तर जो तो गाडी थांबवून राहिला. पोलीस पाटलाच्या मोटारसायकलवर रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधी पोचली. मंग अभ्यासाले कंदील आला. आईनं तो फुंकला अन् म्हणाली, पोरीले अडचणच पाहिजे असंल तर तुमच्या हातचा स्वयंपाक खाऊ घाला. काल रुखमामावशीच्या बांधीत धान रोवण्याले धाडलं. माझी ओळ पाहून मावशीनं विचारलं, हे धान लावलं का इथून बैल पळाले.

आता बाबाले नमुना म्हणून तुझा निबंध पाहिजे. मागतला की तू विषय बदलतोस, काहून? मी घरच्या कॉम्प्युटरमध्ये शोधून राहिली.

माया आहेच, पण खाऊ पाठवला तर वाढेल.

खुशबू

एकोडी, २४ जुलै

चि. सुगत यास जयभीम,

तुझा निबंध सापडला, मी छापून आणून वाचला. त्यातला बाप निरक्षर आहे. त्याच्या अंगठ्याची शाई कधी जात नाही, आणि मुलगा चिमणीच्या उजेडात त्याला सही शिकवतो. मला त्या माणसाची फार दया आली, डोळे भरून आले. तिसऱ्या पानावर त्याचं नाव माझंच निघालं, बाबुलाल.

इंग्रजीच्या चार चुका होत्या. त्या या अंगठेबहाद्दर बापानं लाल पेनानं दुरुस्त केल्या आहेत. तुझी आई पुष्कळ हसली. मला हसू आलं नाही. कॉलेजात जाऊन खरं सांग. जागा गेली तर घरी ये, जेवण तयार असेल.

तुझा, वाचता येणारा,
बाबा

पुणे, २ ऑगस्ट

ति. बाबांस जयभीम,

प्रवेशाच्या मॅडमना काल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की जागा राहील, पण या गोष्टीची नोंद फाइलीत होईल आणि पंधरा दिवसांत खरा निबंध द्यावा लागेल.

बाबा, मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा मी तो लिहायला बसलो होतो. खरं आठवायला वेळ लागतो, खोटं एका बैठकीत झालं. मी खुशबूला चुकीचं सांगितलं. दहावीपर्यंत थांबू नका, वही तिला आजच द्या, आणि सायकलही.

आता खरं लिहायला बसलो, तर तुमच्याबद्दल दोन ओळींपुढे जाता येत नाही. घरात तुम्हीच पहिले शिकलात. कुणी शिकवलं, पहिलं पुस्तक कोणतं, हे मी कधी विचारलंच नाही. सविस्तर लिहा. माझ्याकडे सोळा तारखेपर्यंत वेळ आहे.

राग थोडा शिल्लक ठेवा, चालेल. माया मात्र पूर्वीइतकीच असू द्या.

आपला सुगत