रेडिओवरची बातमी खरी होती

मी, एतेल्विना फानखुल रोसेस, कै. देल्मिरो लामुन्यो यांची विधवा, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार वाल्देरिओसा, आस्तुरियास, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर त्याचंही नाव खाली आलं असतं.

एक. घर, परस आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी ओलाया हिला. कायद्याने बरंचसं तिचंच आहे, उरलेलंही मी तिलाच देते. परसातलं सफरचंदाचं झाड तोडू नये. फळं आंबट आहेत, पण सिद्रेला, सफरचंदाच्या दारूला, आंबटच लागतात. देल्मिरोचा खाणीतला दिवा जावयाला. तळघरात उतरायला तो घाबरतो.

दोन. माझी सर्व पुस्तकं खाणकामगार संघटनेच्या वाचनालयाला. मी शाळेत दोनच हिवाळे गेले. लग्नानंतर देल्मिरो सोमवारच्या वर्तमानपत्रातलं फुटबॉल सामन्याचं वर्णन बोट ठेवून वाचायचा आणि मी त्याच्या बोटामागून. संघ हरला की तो पान उलटायचा, म्हणून मला जिंकण्याचे शब्द आधी वाचता आले. पुढे मी हाती येईल ते वाचलं. समासात पेन्सिलीने लेखकांशी वाद घातले आहेत, ते खोडू नयेत.

तीन. देल्मिरोचा ट्रान्झिस्टर रासिंग या आपल्या फुटबॉल क्लबच्या संग्रहालयाला, पण खालील अटीवर.

क्लब १९२२ साली खाणकामगारांनी काढला. मैदान कोळसा धुण्याच्या कारखान्याला लागून असल्याने पांढरा कपडा टिकत नसे, म्हणून गणवेश काळा. अठ्ठावन्न साली चषकाची उपांत्य फेरी, एकोणनव्वद साली पहिली श्रेणी, तिथे दोन हंगाम. हे सगळं संग्रहालयाच्या भिंतीवर लिहिलं आहे आणि बरोबर लिहिलं आहे. सत्त्याहत्तरच्या जूनबद्दल मात्र चुकीचं आहे. गेल्या वर्षी क्लबचे दोघे रेडिओ मागायला आले, तेव्हा त्याच्याखाली लावायचं कार्डही छापून आणलं होतं: ‘ज्या रेडिओने आपली पहिली श्रेणी घालवली.’ मी त्यांना कॉफी दिली आणि रेडिओ दिला नाही.

झालं ते असं. हंगामाचा शेवटचा सामना होता. पहिले तीन संघ पहिल्या श्रेणीत चढायचे आणि आपण चौथे होतो. चढायला आपण जिंकायला हवं होतं आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघाने त्यांच्या गावी हरायला हवं होतं. आपण एका गोलने पुढे होतो. मी देल्मिरोच्या शेजारी उभी होते, त्याच्या कानाला रेडिओ. सामना संपत आला असताना तो म्हणाला, “त्यांच्यावर गोल झाला.” एवढंच, आणि हळूच. त्याचा भाऊ बेलार्मिनो आमच्या पुढे उभा होता. तो “चढलो!” म्हणून ओरडला आणि त्याने कुंपणावरून मैदानात उडी मारली. त्याच्यामागे सगळं गाव.

जिंकल्यावर मैदानातला हिरवळीचा तुकडा घरी नेऊन लावायची आमची रीत आहे. पण ती सामना संपल्यावरची. बेलार्मिनोने खिशातला चाकू काढून आपल्याच गोलसमोरची माती कापली आणि सदऱ्यात घातली. मैदान रिकामं व्हायला अर्धा तास गेला. तोवर तिकडचा सामना संपला आणि तो संघ हरला होता. म्हणजे बातमी खरी होती. आता फक्त टिकून राहायचं होतं. शेवटच्या मिनिटात पाहुण्यांनी लांबून मारलेला साधा चेंडू त्या खड्ड्यावर उसळला आणि आपल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून आत गेला. बरोबरी झाली, श्रेणी गेली.

सोमवारी गावाने कारण शोधलं आणि त्यांना रेडिओवाला सापडला: त्याच्याच बातमीने लोक मैदानात उतरले, म्हणे. देल्मिरो पुन्हा मैदानात गेला नाही. रविवारी खिडकी उघडी ठेवून बसायचा आणि आवाजावरून गोल ओळखायचा. बेलार्मिनोचं नाव मी सांगते गावाला, असं मी कितीदा म्हटलं. तो म्हणायचा, “त्याचा सिद्रेचा गुत्ता क्लबच्या लोकांवर चालतो. खाणीतल्या माणसाचं तोंड काळंच असतं, एतेल्विना. आणखी थोडं लागलं तर कोण बघतंय?” सत्त्याऐंशी साली फुफ्फुसातल्या कोळशाने तो गेला. दोन वर्षांनी क्लब चढला. त्या दिवशी गुत्त्यात कोणीतरी म्हणालं, रेडिओवाला नव्हता म्हणून जमलं. बेलार्मिनो हसला. मी दारातच होते. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलले नव्हते.

अट अशी: कार्डावर एवढंच असावं, ‘देल्मिरो लामुन्यो यांचा रेडिओ. यावर ऐकलेली बातमी खरी होती.’ एक शब्द बदलला तर ओलायाने रेडिओ परत घरी आणावा.

चार. माझे दीर बेलार्मिनो यांना मी काहीही ठेवत नाही. हे रागाने नाही. नोटरीबाई म्हणाल्या, हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागतच नाहीत. पण हवेच असतील, तर ज्याला काही मिळणार आहे त्याला बसवू नका. मला साक्षीदार हवे आहेत. बेलार्मिनोने वरचं सगळं वाचून सही करावी अशी माझी इच्छा आहे. नाही केली, तर क्लब या म्हातारीच्या शब्दावर कार्ड बदलणार नाही, हे मला माहीत आहे.

इथवर लिहून मी त्यांना बोलावलं. शेजारच्या सेल्साच्या दंडाला धरून आले. चष्मा पुसून दोनदा वाचलं. छातीवर क्लबचा सोन्याचा बिल्ला होता. मग खिडकीकडे बघत म्हणाले,

“वहिनी, माझ्यामागून पाद्रीबाबांनी उडी मारली होती. तेही लिही.”

“ते देवाघरी गेले, भावजी. तुम्ही इथे आहात.”

मग त्यांनी विचारलं, “देल्मिरोने सांगितलं का नाही?”

मी म्हटलं, तुम्ही त्याचे भाऊ होता म्हणून. सेल्साने पेन पुढे केलं.

वर लिहिलेलं सर्व माझं आहे, माझ्या अक्षरात आहे आणि मी गेल्यावर तसंच पाळलं जावं.

वाल्देरिओसा, दिनांक ९ मार्च २०१२
एतेल्विना फानखुल रोसेस

साक्षीदार:
१. सेल्सा केव्हेदो, शेजारीण
२. बेलार्मिनो लामुन्यो. पहिली उडी माझी. माती मीच कापली.