दादाचं नाव

१४ नोव्हेंबर

ती. वहिनींना नमस्कार.

मी बरा आहे, खोकला गेला. चिमीसाठी रंगपेटी घेऊन ठेवली आहे, तिकडे येणारं कुणी भेटलं की पाठवतो. परवा फोनवर ती सांगत होती, आई अजून जेवायला तीन ताटं घेते. मी विषय बदलला.

काम जोरात आहे. आमच्याकडे पितळी पाट्या होतात आणि जपानी कंपन्यांच्या पाट्या माझ्या वाट्याला येतात, हे तुम्हाला माहीतच आहे. इंग्रजी शब्द असो की परकं नाव, त्यांच्या लिपीत ते कानाला ऐकू येईल तसं उतरवायचं. पण त्यांच्या बहुतेक अक्षरांना स्वर चिकटलेला आणि 'ल' तर नाहीच, म्हणून 'मिल्क'चं 'मिरुकु' होतं आणि 'हॉटेल'चं 'होतेरु'. दादाला याची भारी गंमत वाटायची. जहाजावरून फोन केला की आधी एखादा शब्द टाकायचा आणि मी तो उतरवून सांगितला की पोट धरून हसायचा. म्हणायचा, "शेपूट लावल्याशिवाय एकाही शब्दाला घराबाहेर सोडत नाहीत लेकाचे."

या आठवड्यात त्याच्याच कंपनीची पाटी आली.

वहिनी, मघापासून मी इकडचं तिकडचं लिहितोय. कंपनीने शोध थांबवला आहे. परवा हेच सांगायला फोन केला होता, पण मागे चिमी गात होती आणि माझी जीभ उचलली नाही. वादळात जहाज गेलं तिथे एक रिकामी होडी सापडली, बाकी काही नाही. पाटी त्या जहाजावरच्या माणसांची आहे. बंदरातल्या भिंतीवर लावणार आहेत.

आमच्या मालकांची पद्धत अशी, की नाव आधी मोठ्याने म्हणायचं, अक्षरं मोजायला टेबलावर बोटाने ठेका धरायचा आणि मगच पितळेला हत्यार लावायचं. बाकीची नावं मी म्हटली, कोरली. दादाच्या नावापाशी आलो तेव्हा मालक म्हणाले, "घरी कसं म्हणता, तसं म्हण."

घरी कोण म्हणत होतं? आई 'बाळ्या' म्हणायची, मी 'दादा', चिमी 'बाबा', तुम्ही 'अहो'. त्याचं नाव आपल्या घरात कुणाच्या तोंडी नव्हतंच.

पाटी दुसऱ्याकडे देऊ का, असं मालकांनी विचारलं. मी नको म्हटलं. मग घेतलं त्याचं नाव, मोठ्याने, जन्मात पहिल्यांदा. एरवी अशी हाक मारली असती तर त्याने माझा कान पिळला असता.

कुणी ओ दिली नाही, वहिनी. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि रडलो.

अजून कोरलेलं नाही. कंपनीला बायकोचा होकार लागतो; तो मीच विचारतो, असं मी त्यांना सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात तर त्याची ओळ कोरी जाईल, मी आग्रह करणार नाही. पण उद्या चिमी त्या भिंतीपाशी उभी राहिली तर तिला बोट ठेवायला काहीतरी असावं, असं मला वाटतं.

होकार असला तर मला फोन करा आणि एकदा त्याचं नाव घ्या. तुम्ही म्हणाल तसंच कोरीन.

आणि त्या दिवसापासून दोनच ताटं घ्या.

तुमचा,
दादाचा धाकटा