फळीवर बांधलेलं गाव

१२ मे १९६१
ऊन असं की अंगणातल्या बादलीचा चटका बसतो. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी. हे तर वर्षभर घरीच, त्यात आता नवीन खूळ. माळ्यावरची जुन्या दाराची फळी पुढच्या खोलीत आडवी टाकली आणि तिच्यावर काड्यापेट्यांचं गाव मांडून राहिले. म्हटलं, नगराध्यक्ष, जेवायला या. पानं वाढली आहेत.

१५ मे
मी हसत होते, आता मीच खेळायला बसते. नियम ह्यांचे. रस्ता नाही तर घर नाही. पाणी (माझी टवका उडालेली बशी) लांब पडलं की माणसं गाव सोडतात. माणसं म्हणजे ज्वारीचे दाणे. दिवेलागणीला चार कवड्या टाकायच्या. आग लागली, साथ आली की नवीन बिऱ्हाड आलं, ते त्या सांगतात. चारही पालथ्या पडल्या तर काहीच नाही. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.
आज ह्यांनी गटाराच्या आधी नाटकगृह बांधलं. भांडलो. कवड्यांत साथ निघाली, मूठभर दाणे गेले. "बघा!" म्हटलं. फार बरं वाटलं.

२० मे
गाव बघता बघता आपली अमरावतीच झाली. राजापेठेत आमचं घर, त्यात ह्यांनी मसुरीचे दोन दाणे ठेवले. "हा मी, ही तू." मुंग्या फार. ज्वारी पळवतात. हे म्हणतात, मुंग्या म्हणजे गाव सोडून जाणारे. फळीच्या काठाला खडूनं लिहिलं, बडनेरा. तिथं गावाची शीव.

२४ मे
अकोल्याहून पत्र! चित्रकलेचे मास्तर म्हणून घेतलं. २० जूनपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर यादीतला दुसरा. देवापुढे साखर ठेवली. वर्षभर "मास्तर काय करून राहिले सध्या?" याला उत्तरं देऊन माझी जीभ झिजली. सुटले एकदाची.
हे मात्र फळीवरच वाकलेले. एवढंच म्हणाले, "गावात ताप आहे गं. तीन दिवस झाले, उतरत नाही." कवड्यांबद्दल बोलत होते.

२५ मे
कौसाबाई माळीण वांगी घेऊन आली. टोपली उतरवता उतरवता फळी बघितली.
"काय करून राहिले साहेब?"
"गाव बांधून राहिलो, कौसाबाई."
तिचा चेहराच उतरला. "कावून? साथ आली का?"
हे हसून म्हणाले, हो ना, ताप आहे. ह्यांच्या मनात घरं बांधायची, तिच्या मनात शीव बांधायची. माझ्या आजोळी कॉलऱ्याच्या वेळी मंतरलेलं सूत फिरवून बांधत तशी. मग ना कोणी बाहेर जायचं, ना कोणी आत यायचं. मला कळलं होतं. पण मीही हसत राहिले, आणि तिनं मागितलं तसं सूत आणि हळद आणून दिली. मूर्ख मी.
फळीभोवती तिनं धागा फिरवला. ओठ हलत होते. गाठ मारून म्हणाली, "जे आत हाय ते आत, भायेरचं भायेर. आता मी सोडीन तवाच सुटंल." तेवढ्यापुरतं कोणी हसलं नाही.

२६ मे
कौसाबाई बार्शीटाकळीला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. आता महिनाभर भाजी बाजारातून आणा.
कवड्या चारही पालथ्या.

३१ मे
रोज पालथ्याच. आज चिडून मी सात वेळा टाकल्या. हे म्हणाले, पुरे. आवाज वेगळाच वाटला.
मुंग्या धाग्यापर्यंत येतात. मग त्याच्या कडेकडेनं फळीला वळसा घालून परत जातात. ज्वारी आत तशीच.

३ जून
हे खोली बघायला अकोल्याला निघाले. शटलनं बडनेरा, तिथून पुढे पॅसेंजर. दुपारी परत! शटल उशिरा पोचली म्हणे, पॅसेंजर समोरून गेली. होतं असं कधीकधी.

७ जून
पुन्हा निघाले. बडनेऱ्याच्या फलाटावर थंडी भरून आली. कोणीतरी टांग्यात घालून पाठवलं. अंग असं तापलेलं होतं की टांगेवाला घाबरला म्हणे. राजापेठेत उतरले तेव्हा कपाळ गार. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१० जून
आज मी बरोबर गेले. बघतेच म्हटलं कसे पोचत नाही ते. पॅसेंजर मिळाली. जागा मिळाली. बडनेरा सुटलं, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाटी मागे जाताना बघितली. डबा उघडला, दशम्या खाल्ल्या. मग दोघांचाही डोळा लागला.
डोळा उघडला तर गाडी उभी. समोर पाटी: अमरावती. डबा माझ्या मांडीवर, बंद. उघडला तर दशम्या सगळ्या तशाच

नाही लिहवत.

११ जून
शेजारच्या वकिलीणकाकूंना सांगितलं. म्हणाल्या, उन्हाचं होतं असं, झोपेत गाडी बदलली असेल तुम्ही. दोघांनी? त्यांनी कोकमाचं सरबत दिलं.
कौसाबाईचा दीर बाजारात बसतो. त्याच्याजवळ निरोप दिला, वहिनीला म्हणा असशील तशी ये. गाठ सोडून जा. हात जोडले त्याला.

१५ जून
दीर येऊन गेला. उंबऱ्याच्या आत येईना, बाहेरूनच बोलला. "वैनी निघाली होती बाई. बडनेऱ्यावर उतरली अन् तिथूनच वापस गेली. म्हने मले रस्ताच भेटून नाई राहिला. अन् तुमाले सांगून धाडलं हाय, धागा तोडू नोका. तोडला त भायेरचं आत येईन."
"बाहेरचं म्हणजे काय रे?"
"ते मले काय मालूम?"
जिनं बांधलं तीच बाहेर राहिली. कपाळ माझं.

१६ जून
हे मजेत. फळीपाशी बसून असतात. म्हणाले, "राहू दे ना. काय कमी आहे इथं? आग नाही, साथ नाही. कोणी मरत नाही, सुमे."
मी ओरडले. वीस तारखेला तिकडे दुसरा माणूस रुजू होईल आणि तुम्ही जन्मभर काड्यापेट्या मांडत बसाल, कळतंय का? ते म्हणाले, कळतंय. आणि रस्ता झाडायला लागले, मोरपिसानं.
मला भीती वाटते. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त येतो.

१८ जून
दु. हे वाळ्याच्या पडद्याआड झोपले होते. विळी घेतली आणि धागा कापला. देवाचं नाव घेतलं. काही झालं नाही. मग मुंग्या चढल्या, रांगच्या रांग, आणि संध्याकाळपर्यंत एक दाणा ठेवला नाही. मसूरसुद्धा नेली.
हे उठले, फळीकडे बघितलं. म्हणाले, "उद्या सकाळचीच शटल घेतो." रडूच आलं मला.

१९ जून
गेले. ट्रंक, वळकटी, डबा. संध्याकाळपर्यंत मी दारात बसून होते. आले नाहीत. पहिल्यांदाच आले नाहीत! फळी उचलून भिंतीला लावली, खोली सारवली.

२० जून
दु. तार. "पोचलो. आज रुजू झालो. खोली मिळाली. श्रीधर."
तारवाल्याला आत बोलावून पेढा दिला. वकिलीणकाकूंकडे पळत गेले, त्यांनी ओटी भरली. म्हणाल्या, आता लवकर बिऱ्हाड हलव बाई. परत येऊन दोन पातेली बांधलीसुद्धा.

दिवे लावत होते तर दार वाजलं. हे. ट्रंक, वळकटी. चपलांवर धूळ.
"बडनेऱ्यालाच होतो कालपासून. गाडीच मिळाली नाही गं. गेली नोकरी." आणि हसले.
तार माझ्या हातात होती. "कोणाची?"
"शाळेची," म्हटलं.
"बरं," म्हणाले. हातपाय धुतले. पाटावर बसले. मी वाढत होते आणि बघत होते. भात तसाच बाजूला सारतात, आधी वरणाची वाटी संपवतात. मिरची मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली. अगदी ह्यांच्यासारखेच जेवतात.

आता आत झोपले आहेत. मी पुढच्या खोलीत कंदील घेऊन बसले आहे. तार पुन्हा वाचली. अकोल्याचा शिक्का आहे, आजचा, दहा वाजताचा.
उद्या अकोल्याला जाऊन बघून यायला हवं, तिकडे कोण आहे ते. पण इथं ह्यांना काय सांगून निघू?