पंप बंद असल्याची सूचना मी का पुसली

मुलुंड (पूर्व), तिसरा मजला
दिवाळी पाडवा

तीर्थस्वरूप सौ. वनमालाताई,

दोन मजले खालून तुझ्या धाकट्या भावाचा, नंदूचा, साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. तुझीही तब्येत बरी असावी, कारण जिन्यात मला बघून तुझी मान झटकन फिरते. भावोजींचा गुडघा कसा आहे? जावईबापूंच्या केसांतलं उटणं निघालं का? मला मात्र चैन नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की शुभा ‘बसा जरा’ म्हणून ओरडते. आज पाडव्याचं तिने मला ओवाळलं, तेही ताट हातभर लांब धरून.

मी निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम तूच मला मिळवून दिलंस. माणूस गुंतून राहील, म्हणालीस. मी गुंतलो. सुविचार लवकरच संपले (ते सगळे एकच असतात), म्हणून मी दिसायला जुळे पण आईबाप वेगळे असे इंग्रजी शब्द सुरू केले, अर्थ आणि उगमासकट. आधी फळ्यावर, मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही. कुणी तक्रार केली नाही, तेव्हा आवडत असावेत असं मी धरून चाललो. सगळ्यांनी ग्रुपच म्यूट करून टाकला होता, हे मला आत्ता कळतंय.

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी टर्बिड आणि टर्जिड घेऊन खाली उतरलो. टर्बिड म्हणजे गढूळ. लॅटिनमध्ये टर्बा म्हणजे गर्दी, गोंधळ, त्यावरून. टर्जिड म्हणजे फुगलेला, त्याचं लॅटिन घराणं सुजण्याचं. (इथे मी कुणाचंही उदाहरण देत नाही.) एवढं फळ्यावर मावेना. कोपऱ्यात वॉचमन काशीरामने लिहिलं होतं, पंप जळला, उद्या पाणी नाही, रात्रीच भरून ठेवा. मी वाचलं, ताई. नाही म्हणणार नाही. पण सेक्रेटरी ग्रुपवर टाकतीलच, असं मनात म्हटलं आणि डस्टर फिरवलं. सेक्रेटरींनी टाकलंही. म्यूट केलेल्या ग्रुपवर. आणि मी शुभालासुद्धा सांगायचं विसरलो, कारण डोक्यात लॅटिन.

तुझ्या जान्हवीचा पहिला दिवाळसण! पहाटे कारीट फुटली, देवेशरावांना तेल-उटणं चोपडून झालं, तू केसांना शिकेकाई लावलीस, आणि नळाने नुसती हवा सोडली. सगळ्या बिल्डिंगमध्ये माणसं पंचे गुंडाळून जिन्यात. भावोजी दुकानात धावले, तर पाण्याच्या बाटल्या आधीच उडालेल्या. शेवटी त्यांनी सोडा आणला आणि तो जावईबापूंच्या डोक्यावर फसफसला, असं शुभाने सांगितलं. मी अजिबात हसलो नाही (बाथरूममध्ये जाऊन हसलो). मग तू तशीच खाली आलीस, फळा वाचलास, आणि चारचौघांत म्हणालीस, “मेल्या नंद्या, तुजो तो टर्बिड खड्ड्यात घाल!”

त्यानंतर एक शब्द नाही. तुझ्या शिव्या मी लहानपणापासून खातोय, त्याचं काही वाटत नाही. पण तू गप्प झालीस की मला घर खायला उठतं. चूक माझी. सगळीच माझी. खडू आणि डस्टर काशीरामकडे दिलंय. भावोजींना नमस्कार, जान्हवीला आशीर्वाद. जावईबापूंना काय कळवावं ते सुचत नाही.

तुझा,
नंदू

ता. क. : ही माफी मी आधी ग्रुपवर टाकली होती. कुणाचंच उत्तर नाही. ग्रुप अजून म्यूटच आहे म्हणे. म्हणून कागद.

ता. क. २ : मुख्य राहिलंच. उद्या भाऊबीज. आजवर कधी विचारून आलो नाही, यंदा विचारतोय. येऊ ना? हवं तर न बोलता ओवाळ, पण ओवाळ.

ता. क. ३ : पत्र दाराखालून सरकवायला वर आलो, तर तुझ्या दाराबाहेर पाट धुऊन वाळत ठेवलेला. एकच पाट. भावोजींचा पाडवा सकाळीच उरकला, म्हणजे तो माझाच. पायरीवर बसलो जरा वेळ. फार बरं वाटलं गं. आता खाली येऊन हे लिहितोय, आणि कागदाला जागा उरलीच आहे म्हणून सांगतो : व्हीनिअल म्हणजे माफ करण्याजोगा, लॅटिन व्हीनिया म्हणजे क्षमा. व्हीनल म्हणजे पैसे घेऊन वळणारा, त्याचं मूळ विक्रीत. तू यांतली कुठली, हे नक्की ठरेना, म्हणून ओवाळणीचं पाकीट जरा जाडच केलंय.