कोरडं पान

४ एप्रिल १९९४
पोचले एकदाची. धुळ्याहून जीपने, मांडीवर तान्ह्या बाळासारखा कॉम्प्युटर धरून. पिंपळनेरच्या पुढे वाघदरे, तिथलं हे आरोग्य केंद्र आता सहा आठवडे माझं. दहा वर्षांची रुग्णवही कॉम्प्युटरवर चढवायची, आजारांचा आलेख काढायचा, प्रबंध लिहायचा, की एम.डी. पदरात. जूनपर्यंत झालं नाही तर वर्ष बुडालं, असं सरांनी बजावलंय. कारकून लोटननाना चहा-शेव घेऊन आले. इथे गावात नवा माणूस आला की आधी वहीत त्याचं पान उघडतात. नाडी-वजन लिहून माझंही उघडलं. मला गंमतच वाटली.

६ एप्रिल
शी. नाना पान उलटताना अंगठा जिभेवर फिरवतात. तंबाखूने काळी पडलेली जीभ, तोच अंगठा, तीच वही, वर्षानुवर्षं. कोपरे तपकिरी, चिकट झालेत, शिवणीत झुरळांची अंडी. एका पानावर वाळलेला बेडका. दुपारचं भरीत घशाखाली उतरलं नाही. थुंकी बंद, असं मी ठणकावलं. नाना म्हणाले, ताई, पान कोरडं उलटू नका, वहीले तहान लागस. मी हसले. त्यांना रजेवर धाडलं आणि फूटपट्टीने पानं उलटायला घेतली. शेवटून सुरुवात केली, म्हणून पहिलं माझंच.

९ एप्रिल
दोनशे बारा पानं झाली, काम सुसाट आहे. वॉर्डात मात्र हगवण-उलटीची रांग लागलीय. बादल्या, माशा, आंबूस वास. आत पाऊल टाकवत नाही. नर्स झुंबरबाई सलाईन लावून थकली. हिलाल, भागाबाई, रतिलाल. सगळी नावं मी याच आठवड्यात चढवलेली. उन्हाळा आहे, विहिरीचं पाणी घाण असेल.

११ एप्रिल
आलेखात दोनच सुळके. मे ८७, नोव्हेंबर ९१. सगळे हगवणीने गेलेले. हजेरीपट काढला, दोन्ही वेळा नाना रजेवर. झुंबरबाई म्हणाली, तेव्हाचा बदली कारकून पेन्सिलीने पानं उलटायचा. शेवटी तोही गेला. पान होतंच त्याचं.
आज सकाळी भागाबाई गेली. जीभ लाकडासारखी झाली होती.

१२ एप्रिल
झुंबरबाईने थुंकी लावून पाहिलं. पान हललं नाही. ज्याने कोरडं उलटलं त्यानेच ओलं परतवावं लागतं, असं ती म्हणते. म्हणजे मी. तो कोपरा, मग तोच अंगठा तोंडात —
दोनदा ओकले. मग केलं. हिलालचं पान आधी. संध्याकाळी त्याला दोन दिवसांनी पहिल्यांदा लघवी झाली.

१३ एप्रिल
एकशे चाळीस परतवली. चव जात नाही. तंबाखू, कफ, कुणाकुणाची तोंडं — ओकते, पुन्हा चाटते. रतिलाल उठून बसला. मलाही लागलीय. सकाळपासून सात वेळा.

१४ एप्रिल
पाणी टिकत नाही. वहीला नुसतं पाणी चालत नाही, लावून पाहिलं. रडू येतं, डोळे कोरडे.
दोन राहिली. माझं. आणि शेवंताबाईच्या मंदाचं, वय दोन.

तोंडात थुंकी जेमतेम एका पानापुरती. पुन्हा सुटेल असं वाटत नाही. शेवंताबाई दारात उभी आहे, पोर खांद्यावर, मान लटकलेली. तिला माहीतच नाही.
अंगठा ओला केलाय. वाळायच्या आत — मी पान —